माझ्या सहलीला पालकांची परवानगी

सोमवारी गणिताचा तास संपल्यावर आमच्या वर्गशिक्षिका मिनेगिशी बाईंनी प्रत्येकाच्या बाकावर एकेक कागद ठेवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सहल'. बाईंनी वाचून दाखवायच्या आत मी ते वाचलं आणि ओरडले. आमच्या वर्गात एकोणीस विद्यार्थी आहेत. त्यातले पाच जण दिवसभर काम करून आलेले असतात, त्यामुळे तासाला झोपतात. ते पाचही जागे झाले.

आमची शाळा संध्याकाळी साडेपाचला भरते. दिवसा त्याच बाकांवर तेरा-चौदा वर्षांची पोरं बसतात आणि संध्याकाळी आम्ही. पण शाळा ती शाळा. हजेरी आहे, घंटा आहे, मधल्या सुट्टीत पाव आणि दूध आहे, गृहपाठ आहे. मग सहल का नसावी? ऑक्टोबरात दोन दिवस, बसनं तोबाच्या समुद्रावर, एक मुक्काम. कागदावर नियमही होते. रांग सोडू नये. खाऊ तीनशे येनपेक्षा जास्त आणू नये. साडेनऊला दिवे बंद करून झोपावं. मला त्र्याहत्तर वर्षांत कुणी साडेनऊला झोपायला सांगितलं नव्हतं. मी तो नियम तीनदा वाचला. दर वेळी जास्तच आवडला.

कागदाच्या तळाशी एक चौकट होती. 'पालकाचे नाव, फोन नंबर व शिक्का.' इथं सहीऐवजी ज्याचा त्याचा नावाचा शिक्का चालतो.

"शुक्रवारपर्यंत घरून शिक्का घेऊन या हं," बाई म्हणाल्या. बाई अठ्ठावीस वर्षांच्या आहेत. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्या लाल झाल्या. "म्हणजे मुन-सान, हा कागद दिवसाच्या शाळेचा आहे. मी खालची ओळ खोडायला विसरले. जे एकटे राहतात, त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं तरी चालेल."

तिथं गोष्ट संपली असती. पण माझ्या शेजारी देवबहादूर बसतो. तो नेपाळचा, स्टेशनजवळ एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, पन्नाशी उलटलेला. तो म्हणाला, "मी तर मुलीचा शिक्का आणणार. ती आधी मला दहा प्रश्न विचारेल. दिदी, तुमचं बरं आहे. तुम्हाला विचारायला कोणी नाही."

तो हे मनापासून म्हणाला. माझा हेवा वाटल्यासारखं. तेच मला लागलं.

असल्या चौकटींत मी किती शिक्के मारलेत त्याची गणती नाही. मुलगा शाळेत होता तेव्हा तो कागद आणायचा आणि चौकटीवर बोट ठेवायचा, मी शिक्का दाबायची. वर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. तो तीनदा सहलीला गेला, दोनदा पोहायच्या शिबिराला, आणि एकदा म्हणे मुख्याध्यापकांनी केलेल्या तक्रारीवरसुद्धा मी आनंदानं शिक्का दाबला. पण माझ्यासाठी त्या चौकटीत कुणी शिक्का मारलेला नाही. आता चौकट आली, तर म्हणे खोडायची राहून गेली!

मी उभी राहिले. "मी पालकाचा शिक्का आणीन," म्हटलं. "नाही आणला, तर सहलीला येणार नाही."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण बोलून गेल्यावर ते माझं राहिलं नाही, वर्गाचं झालं. घरी जाताना कळलं की आपण एका चौकटीसाठी तोबाचा समुद्र पणाला लावून बसलोय. तरी पाय जमिनीवर नव्हते. चौदा दिवसांनी सहल! पालक काय, चार दिवसांत सापडेल.

मंगळवारी सकाळी मी मुलाला फोन लावला. तेत्सुया तोक्योच्या पलीकडे साइतामात राहतो.

"तेत्सुया, एका कागदावर शिक्का मारायचाय. शुक्रवारच्या आत."

मग तो हळूच म्हणाला, "आई, कागद कुणी दिला?"

"एका तरुण बाईंनी. फार गोड बोलतात."

"शुक्रवारच्या आत असं त्याच म्हणाल्या?"

"हो. नाहीतर जागा जाईल."

"आई, नीट ऐक. घाई करतात ना, तीच फसवणाऱ्यांची पद्धत. कशावरही शिक्का मारू नकोस. दार लावून घे." मग त्याला आणखी शंका आली. "थांब. तू खरंच आईच आहेस ना? आपल्या कुत्र्याचं नाव सांग."

"आपण कुत्रा कधी पाळला रे?"

"बरोबर. आईच आहेस," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, पोरगं कामात असेल. पोरगं कामातच होतं. त्यानं आमच्या पोलीस चौकीला फोन लावला होता.

वीस मिनिटांत एक तरुण शिपाई सायकलवरून आला. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की सायकल आली तरी प्रत्येकाला कळतं, आणि ही तर पोलिसाची. त्यानं टोपी सरळ केली, दारावरची पाटी वाचली, कागद वाचला आणि वही काढली.

"आजी, या कागदावर मुन असं नाव आहे. हे मुन कोण?"

"मीच."

"पाटीवर तर फुमिमोतो आहे."

"तीही मीच. मुन हे आमच्या देशातलं नाव, फुमिमोतो इथलं. शाळेत मुन, गल्लीत फुमिमोतो. आमच्याकडे बहुतेकांचं असंच असतं बाबा."

"आणि पालक?"

"तोच सापडत नाहीये."

शिपायानं वहीत लिहायला सुरुवात केली. मी डोकावून पाहिलं तर त्यानं 'हरवलेली व्यक्ती' या सदराखाली लिहिलं होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं खोडलं. जाताना म्हणाला, "यात गुन्हा काही दिसत नाही आजी. पण पालक कुणाला म्हणायचं हा कायद्याचा प्रश्न आहे. वॉर्ड ऑफिसात विचारा." पोलिसाला काही सुचलं नाही की तो वॉर्ड ऑफिसचं नाव सांगतो. वॉर्ड ऑफिसला सुचलं नाही की ते कुणाचं सांगतात, ते मला पुढे कळायचं होतं.

सायकल वळायच्या आत कांग वहिनी घरात शिरली. तिचं किमचीचं, म्हणजे आमच्याकडच्या उग्र वासाच्या तिखट कोबीच्या लोणच्याचं दुकान आहे. एप्रनला तिखट माखलेलं, हातात रबरी मोजे तसेच.

"ताई, काय केलंस? चोरी?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा गंभीर होत गेला.

"आधी तुला एक विचारते. मुलाला आईचा पालक करायला निघालीस? लहान माणूस मोठ्या माणसाला परवानगी देणार? उद्या तो म्हणेल, आई, पानातलं संपव. पालक वयानं मोठा पाहिजे. तेवढी रीत तरी सोडू नको."

हे मला एकदम पटलं. मी जिथून आले त्या आमच्या बेटावर सात महिन्यांनी मोठी असलेली मावसबहीणसुद्धा आधी घास उचलते. इथं येऊन मला पन्नास वर्षं झाली, पण घास कुणी आधी उचलायचा ते मी अजून बघते. मुलाचं नाव मी तिथंच मनातून काढून टाकलं.

"मग कोण?" मी विचारलं.

वहिनीनं मोजे काढले, खुर्ची ओढली आणि पदर सावरल्यासारखं एप्रन सावरून म्हणाली, "तुला आता सांगायला नको. मी होते तुझी पालक. चाळीस वर्षं ओळखते तुला. शिक्का दुकानात आहे, पोरीला पाठवून आणवते."

"वहिनी, तू एकाहत्तरची."

"मग?"

"आत्ता तूच म्हणालीस."

स्वतःच घातलेल्या नियमात माणूस असा अडकतो तेव्हा समोरच्यानं हसू नये. मी हसले. ती उठली, मोजे चढवले आणि दारातून म्हणाली, "बस मग शोधत. त्र्याहत्तरच्या वरचं कोण उरलंय या गल्लीत? देवळातलं झाड!"

बुधवार गेला शोधण्यात. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पण ती म्हणाली, मुलाला विचारल्याशिवाय मी कशावरही शिक्का मारत नाही. म्हणजे तिला स्वतःलाच पालक होता. कोपऱ्यावरचा न्हावी पंच्याऐंशीचा. त्याला ऐकू येत नाही. मी सगळं हातवारे करून समजावलं आणि त्यानं मान डोलावून मला खुर्चीत बसवलं. केस कापून झाल्यावर कळलं की त्याला फक्त 'सहलीला जायचंय' एवढंच समजलं होतं. केस मात्र छान कापले. निदान सहलीची अर्धी तयारी झाली, असं मनाशी म्हणत मी घरी आले.

गुरुवारी वॉर्ड ऑफिस. मी नंबर घेतला, सव्वा तास बसले आणि खिडकीतल्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मला पालक पाहिजे."

तो मुलगा पटकन उभा राहिला. खिडकीच्या आतून बाहेर आला, माझा कोपर धरला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "आजी, बरं झालं स्वतःहून आलात. सगळे असे येत नाहीत." त्यानं मला लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर नेलं. लिफ्टमध्ये तो मला मजले मोजून दाखवत होता. मला वाटलं, काय ही अदब! परदेशी बाईची इतकी काळजी!

तिसऱ्या मजल्यावर एका मऊ खुर्चीत बसवलं, चहा दिला. समोर चष्म्याची एक बाई आली.

"आजी, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवायचे. फूल, मांजर, आगगाडी. आज वार कोणता?"

"गुरुवार. उद्या शुक्रवार, म्हणून तर घाई आहे."

"छान. शंभरातून सात गेले तर?"

आता मला कुठं कळलं. हा प्रवेशाचा पेपर होता! पालक मिळण्याआधी तोंडी परीक्षा! मी खुर्चीत ताठ बसले.

"त्र्याण्णव."

"त्यातून आणखी सात?"

"शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. अठ्ठावन्न."

"पुरे, आजी."

"एकावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन." मी श्वास घेतला. "पुढे जाऊ का? मागच्या सोमवारी आम्ही उणे शिकलो. उणे पाच. उणे बारा."

बाईनं पेन खाली ठेवलं. "आधी सांगितलेले तीन शब्द कुठले होते?"

"फूल, मांजर, आगगाडी. आणि त्याआधी चहा दिलात, तो धरला तर चार."

ती आत जाऊन दुसऱ्या एका गृहस्थांना घेऊन आली. दोघांनी माझा कागद वाचला, एकमेकांकडे पाहिलं, आणि गृहस्थ म्हणाले, "बाईसाहेब, गैरसमज झाला. इथं ज्यांचं डोकं साथ देत नाही अशा वृद्धांसाठी पालक नेमतात. तुम्हाला मिळणार नाही."

"का?"

"तुम्ही फार ठीक आहात."

"नापास?"

"पास. पास झालात म्हणूनच."

मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी परीक्षेत पास झाले आणि हात हलवत परत आले. शाळेची चौकशी शाळेत करा, असं त्यांनी जाताना सांगितलं. म्हणजे वॉर्ड ऑफिसला सुचलं नाही की ते शाळेचं नाव सांगतात.

कांग वहिनी वाटेतच भेटली. "काय झालं?"

"म्हणाले मी फार ठीक आहे."

"त्यांनी तुला नीट तपासलं नसेल," ती म्हणाली आणि दुकानात गेली.

शुक्रवारी सकाळी मला काही सुचेना. समुद्र डोळ्यांसमोर दिसत होता, बसची खिडकी दिसत होती, साडेनऊला विझणारा दिवा दिसत होता, आणि मी टाळ्या घेतलेलं ते वाक्य कानांत वाजत होतं. सुचेनासं झालं की मी मशीन चालवते. चपलांचे पट्टे शिवायचं काम मी अजून थोडं थोडं घेते. जुनं मशीन आहे, चाललं की भिंत हलते. भिंतीपलीकडे कुवाबारा.

कुवाबारा तातामीच्या चटया शिवतो. हातभर दाभण घेऊन दिवसभर गवताशी झटापट करतो. चेहराही तसाच, गवत टोचल्यासारखा. एकेचाळीस वर्षं आमच्यात एकच भिंत आहे आणि बोलणं त्या भिंतीतूनच होतं. माझं मशीन मोठ्यानं चाललं की तो काठीनं तीनदा ठोकतो. त्याच्या गवताची धूळ माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आली की मी लाटणं घेऊन चारदा ठोकते. चारदा, म्हणजे माझा राग त्याच्याहून जास्त आहे हे कळावं.

त्या सकाळी त्यानं सहादा ठोकलं.

माझं डोकं फिरलं. मी तशीच चपला घालून गेले, त्याचं सरकतं दार धाडकन उघडलं. "ठोकता काय? इथं माझी सहल बुडतेय आणि तुम्ही ठोकताय? वय काय तुमचं, पोरासारखं ठोकायला?"

"ब्याऐंशी," तो गुरगुरला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"किती?"

"ब्याऐंशी. का?"

"शिक्का आहे तुमच्याकडे?"

शिक्का नसलेला कारागीर मी पाहिलेला नाही, पण घाईत माणूस काहीही विचारतो. मी कागद आणला. त्यानं दाभण बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि वाचायला बसला. वरपासून खालपर्यंत वाचला. परत वरपासून. मी उभीच. एका पानाचा कागद वाचायला इतका वेळ मलाही कधी लागला नव्हता, आणि मी तर अक्षरं सत्तरीत शिकले.

"बाईंबरोबर पुरुष शिक्षक कोण?"

"एक आहेत. गणिताचे."

"खोलीत तुमच्याबरोबर कोण?"

"दोन चिनी बायका आणि एक व्हिएतनामची मुलगी."

"घोरतात?"

"ते कसं माहीत असणार?"

"विचारून घ्यायचं." त्यानं कागद मांडीवर ठेवला. "गृहपाठ झाला का?"

"कसला?"

"शाळेत जाता ना? मग गृहपाठ असणार. आजचा झाला का?"

झाला नव्हता. 'माझी गल्ली' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या आणि चार दिवस पालक शोधण्यात गेलेले.

"मग आधी तो करा," कुवाबारा म्हणाला. "उगाच सहलीला पाठवायला मी काय मूर्ख आहे? जबाबदारी म्हणजे जबाबदारी."

मला इतका संताप आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्हींमुळे पेन्सिलच धरवेना. त्याच्या अर्धवट शिवलेल्या चटईवर बसून मी दहा ओळी लिहिल्या. त्यानं त्या वाचल्या. सहाव्या ओळीवर थांबला. तिथं मी लिहिलं होतं की शेजारी एक म्हातारा राहतो, तो भिंत ठोकतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एका अक्षरातली राहिलेली रेघ स्वतःच्या पेन्सिलनं काढली. मग चौकटीत नाव आणि फोन नंबर लिहून शिक्का लाल शाईत दाबला, कागदावर टेकवला आणि अंगाचा भार देऊन दाबून धरला. उचलला तेव्हा चौकटीत गोल, लालभडक, कडा न फुटलेला शिक्का होता.

"जा आता," म्हणाला. "आणि वेळेवर घरी ये."

म्हणजे शिक्का मारला आणि त्याच क्षणी म्हातारा एकेरीवर आला! मी उत्तर देणार होते, पण तोंडातून आपोआप निघालं, "हो."

संध्याकाळी मी तो कागद दोन्ही हातांनी बाईंना दिला. बाईंनी नाव वाचलं. "कुवाबारा-सान तुमचे कोण?"

"पालक," मी म्हटलं. देवबहादूरनं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्या मुलीनं त्याला सतरा प्रश्न विचारले होते, माझ्या वेळी किती ते त्यानं मोजायला लावलं. गृहपाठ धरून माझे चारच झाले. तो म्हणाला, अजून नवीन आहेत ते, शिकतील.

कांग वहिनीला कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "विधवा बाईच्या कागदावर परपुरुषाचा शिक्का! तोही भिंत ठोकणाऱ्याचा! गल्ली काय म्हणेल?"

"गल्ली म्हणून तूच तर आहेस. तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, याला काय कळतं पोरीची जात सांभाळायला? डबा मी देणार."

आणि सहलीच्या आदल्या दिवशी ती दोन किलो किमची घेऊन आली. माझी पिशवी भरून दारात ठेवलेली होती. त्याच वेळी कुवाबारा पिशवी तपासायला आला. नियमांच्या कागदाची नक्कल त्यानं स्वतः हातानं काढली होती. एकेक वस्तू बाहेर काढून तो खूण करत होता. टॉवेल, आहे. छत्री, आहे. डबा उघडला आणि मागे सरला.

"हा खाऊ तीनशेच्या वर जातो."

"खाऊ?" वहिनी कडाडली. "याला खाऊ म्हणता? हे जेवण आहे!"

"जेवणाच्या वेळी खाल्लं तर जेवण. बसमध्ये उघडलं तर खाऊ."

"बसमध्ये उघडलं तर हल्ला," मी म्हटलं, पण माझं तिथं कोण ऐकतंय? दोन मोठी माणसं आपल्याबद्दल भांडत असताना मधे बोलायचं नसतं, हे मला उशिरा का होईना समजलं. मी पिशवीशेजारी बसून राहिले आणि एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. शेवटी मिनेगिशी बाईंना फोन गेला. बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की भाजीला मर्यादा नाही, फक्त झाकण घट्ट हवं. कुवाबारानं झाकणावर चटईचा जाड दोरा गुंडाळला आणि अशी गाठ मारली की मुक्कामाच्या रात्री ती आम्हा चौघींना मिळून सोडता आली नाही.

सकाळी सातला दोघंही शाळेच्या फाटकाशी हजर होते, एकमेकांपासून चार हात लांब. मी खिडकीतून हात हलवला. आजूबाजूला बाकीच्यांच्या मुली, सुना, नवरे उभे होते. त्या घोळक्यात माझीही माणसं होती. बस वळेपर्यंत मी हलवत राहिले आणि बस वळल्यावरही, कारण वळणापलीकडे एक दूधवाला दिसला.

तोबाचं काय सांगू! समुद्र दिसला आणि आम्ही एकोणीसही एकाच बाजूच्या खिडक्यांवर धावलो. ड्रायव्हरनं विनंती केली की कृपया बस तिरकी करू नका. जहाज पाहिलं, मासे पाहिले, रात्री साडेनऊला दिवे विझले आणि आम्ही अकरापर्यंत पांघरुणात कुजबुजलो. बाई दोनदा रागावून गेल्या. सहलीत याला फार महत्त्व असतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला किनाऱ्यावर अर्धा तास मोकळं सोडलं. पाणी ओसरलं होतं, काळे खडक उघडे पडले होते. माझी आई आमच्या बेटावर बुडी मारून शंख काढायची. मी पाच वर्षांची असतानाच कपारीत हात घालायला शिकले होते. खडक दिसला आणि हातांनी मला विचारलंच नाही. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन लाटांच्या मधे खाली वाकले आणि वर आले तेव्हा मुठीएवढा एक शंख माझ्या हातात होता. जिवंत! मी तो डोक्यावर धरून ओरडले. सगळे ओरडले. एका खडकामागून एक माणूसही ओरडला.

नारिंगी रबरी बूट घातलेला तो माणूस मच्छीमारांच्या सोसायटीचा होता. तरातरा आला. "इथले शंख सोसायटीचे आहेत! पाटी वाचता येत नाही का?"

आता हा प्रश्न त्यानं चुकीच्या बाईला विचारला.

"येते की!" मी म्हटलं आणि पाटीसमोर उभी राहून खणखणीत आवाजात वाचली. "या किनाऱ्यावर शंख, शिंपले व समुद्री शेवाळ काढण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल." एकही अक्षर अडलं नाही. 'उल्लंघन'सुद्धा नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंना मी काय वाचलं ते कळलं आणि टाळी अर्ध्यावर राहिली.

"म्हणजे वाचता येत असून काढलात," तो माणूस म्हणाला. "या सगळ्याला जबाबदार कोण?"

मिनेगिशी बाई कमरेत वाकल्या. सरळ झाल्या, परत वाकल्या. बिचारीचे केस वाळूला लागायला आले. ते मला बघवेना.

"त्यांना कशाला बोलता?" मी म्हटलं. "मला पालक आहेत. कागदावर फोन नंबर आहे. त्यांना विचारा."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. बाईंनी फाइलमधून कागद काढून दिला. त्यानं लाल शिक्का पाहिला आणि गंभीर झाला. शिक्का खरा होता, त्याला काय करणार? त्यानं खिशातून फोन काढला.

कुवाबारा फोनवर ओरडूनच बोलतो, त्यामुळे सगळ्या किनाऱ्याला ऐकू आलं. "कोण? सोसायटी? काय केलं? शंख? किती?"

"एक. पण मोठा आहे," माणूस म्हणाला.

मी फोनच्या आणखी जवळ सरकले. आता कुवाबारा म्हणेल, ती परकी बाई, माझी कोणी नाही, एक शिक्का मारून चूक झाली. म्हणायला त्याला काय लागणार होतं? एकेचाळीस वर्षांत त्यानं कुणापुढे मान वाकवलेली मी पाहिली नव्हती. एकदा त्याच्या चटया उलट्या निघाल्या, तेव्हासुद्धा त्यानं गिऱ्हाइकाला खोली फिरवून घ्यायला सांगितलं होतं.

मग आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत. "माफ करा. आमच्या पोरीचं चुकलं. माझंच लक्ष कमी पडलं. फार फार माफ करा." आणि मागून ठक्क असं काहीतरी आपटलं. वाकताना कपाळ टेबलावर बसलं, हे कांग वहिनीनं मला नंतर सांगितलं. ती तिथंच होती, सहलीवरून काही फोन आला का ते विचारायला आलेली. लगेच तिचाही आवाज आला, "इकडे द्या, मीपण आहे पालक! साहेब, ती खूप चांगली आहे हो, फक्त पाणी दिसलं की..."

मच्छीमारानं फोन कानापासून लांब धरला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "शंख जिथून काढला तिथं ठेवा," मला म्हणाला. मग फोन पुढे केला. "वडीलधारे तुमच्याशी बोलणार म्हणतात."

मी ओल्या हातानं फोन घेतला. एकोणीस, नाही, अठरा जण बघत होते.

"पाय ओले आहेत का?" कुवाबारानं विचारलं.

"हो."

"आधी पूस. बाकीचं घरी आल्यावर बघतो."

फोन बंद झाला. मी गुडघाभर पाण्यात जाऊन शंख त्याच्या कपारीत परत ठेवला. तो चिकटून बसेपर्यंत हात काढला नाही. वर आले तर बाईंनी टॉवेल पुढे केला. तिकडे बसनं हॉर्न दिला. सगळे पळाले आणि देवबहादूरचा डोळा माझ्या खिडकीच्या जागेवर आहे हे मला तिथूनही दिसत होतं. तरी मी खडकावर बसले, दोन्ही पाय पुसले, सांगितलं होतं म्हणून बोटांच्या मधेसुद्धा पुसलं, आणि मग चपला हातात घेऊन बसकडे अशी पळत सुटले की बाई मागून ओरडत होत्या, "मुन-सान, पळायचं नाही!"